साल कोणाचे?

लिलावाच्या एका यादीत मध्यंतरी हॉर्नबी डब्लोचे एक खेळण्यातले इंजिन पाहण्यात आले. हिरवा रंग, ४०७५ हा क्रमांक, चाकावरच्या कमानीवर 'कार्डिफ कॅसल' हे नाव आणि खाली विक्रेत्याचे वर्णन : 'दुर्मीळ, १९२४'. आधी हसू आले, मग राग आला. राग विक्रेत्याचा नव्हे. त्याला माल खपवायचा आहे. राग आला तो याचा, की नेमक्या याच रीतीने आपण मराठीचे प्राध्यापक वर्गात ग्रंथांची साले सांगत असतो, आणि आपल्याला तर काही विकायचेही नसते.

१९२४ हे साल खोटे नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे कार्डिफ कॅसल नावाचे खरेखुरे इंजिन त्या वर्षी स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले. पण ते साल त्या इंजिनाचे. टेबलावरच्या वीतभर प्रतिकृतीचे नव्हे. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनीने डब्लो ही मालिकाच मुळी १९३८ साली बाजारात आणली. यादीतल्या छायाचित्रात टेंडरवर ब्रिटिश रेल्वेचे जे चिन्ह दिसत होते, ते १९५६ साली स्वीकारले गेले. इंजिन उलटे केले की ते दोन रुळांतून वीज घेणारे आहे हे कळते. डब्लोच्या गाड्या १९५९ पर्यंत मधल्या तिसऱ्या रुळावरून वीज घेत. म्हणजे पूर्वमर्यादा १९५९ ठरली. उत्तरमर्यादा? १९६४ साली मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली, म्हणून तिथेच रेघ ओढावी असे वाटते. पण पुढे डब्लोचे साचे रेन नावाच्या कंपनीकडे गेले आणि त्याच साच्यांतून कॅसल इंजिने पुन्हा निघू लागली. त्यामुळे खोके हरवलेले इंजिन हाती आले, तर अंगावरचे नाव बाजूला ठेवून तळ, आतली बाजू, मोटर हेच वाचावे लागते. एवढे सगळे करून जाणता संग्राहक काय म्हणतो? 'अमुक सालाच्या आधीचे नाही.' बस्स. त्याच्या तोंडून एकच एक साल सहजासहजी निघत नाही.

या माणसांची आपण थट्टा करतो. म्हातारपणी गाड्या खेळणारे, म्हणतो. मी मात्र दिवसेंदिवस या मताला आलो आहे, की संहितेकडे कसे पाहावे हे आमच्या एम. ए.च्या वर्गापेक्षा या मंडळींना अधिक कळते.

'सर नायजेल ग्रेस्ली' हे डब्लोचे इंजिन घ्या. खऱ्या इंजिनाला हे नाव १९३७ साली मिळाले, तेव्हा त्याचा क्रमांक ४४९८ होता. १९४६ मध्ये तो बदलून नुसता ७ झाला. युद्धकाळात त्याच्या चाकांवरचे पत्र्याचे झाकणही काढून टाकण्यात आले होते. डब्लोच्या युद्धपूर्व प्रतिकृतीवर ४४९८ आणि झाकण आहे, युद्धोत्तर प्रतिकृतीवर ७ आहे आणि झाकण नाही. इतके सोपे असते तर प्रश्नच नव्हता. क्रमांक रंगवता येतो. म्हणून संग्राहक डबे जोडण्याचा आकडा पाहतो. युद्धापूर्वीचा आकडा म्हणजे पोलादाची साधी चपटी पट्टी. युद्धानंतर त्याची घडण पार बदलली. मग तो जस्ताच्या ओतकामाकडे वळतो. त्या काळच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असेल, तर तो वर्षानुवर्षे आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. चकचकीत, निरोगी चाके असलेले 'युद्धपूर्व' इंजिन पाहून अडाणी माणूस खूश होतो. जाणता विचारतो, चाके बदलली कोणी?

कॅटलॉगवर विसंबावे, तर तिथेही फसगत. 'डचेस ऑफ अथॉल' हे इंजिन डब्लोने १९३९ साली जाहीर केले. मध्ये युद्ध आले, आणि ते प्रत्यक्ष दुकानात पोचायला युद्ध संपावे लागले. छापील पुरावा १९३९ चा, वस्तू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. जाहिरातीत 'लवकरच प्रसिद्ध होत आहे' वाचून ग्रंथाचे प्रकाशनवर्ष ठरवणारे संशोधक मी पाहिले आहेत, त्यांना हे उदाहरण अर्पण.

आणि खरे इंजिन तरी आपल्या नावाशी प्रामाणिक असते का? १९५२ च्या फेब्रुवारीत सहाव्या जॉर्जच्या अंत्ययात्रेची गाडी ओढायला 'विंडसर कॅसल' हे इंजिन हवे होते. १९२४ साली पाचव्या जॉर्जने स्वतः चालवलेले इंजिन ते. पण ऐन वेळी ते दुरुस्तीला पडलेले. मग १९४८ च्या 'ब्रिस्टल कॅसल'ला त्याचे नाव आणि क्रमांक चढवण्यात आले, याची पाटी त्याला लावली गेली, आणि ही अदलाबदल पुन्हा कधीच उलटवली गेली नाही. १९५७ साली डब्लोने 'ब्रिस्टल कॅसल' काढले, तेव्हा ते नाव मिरवत धावणारे इंजिन वस्तुतः १९२४ चे होते. आता त्या प्रतिकृतीवर कोणते साल लिहाल? १९२४, १९४८, १९५२, १९५७? चारही साले खरी आहेत. प्रश्न एवढाच, की प्रत्येक साल कोणाचे.

हा प्रश्न आपण विचारत नाही. ज्ञानेश्वरी म्हटले की विद्यार्थी शके १२१२ म्हणतो, म्हणजे इ. स. १२९०, आणि आपण गुण देतो. पण वर्गात बाकावर उघडलेली प्रत कोणती? शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केलेल्या परंपरेतली, की राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून १९०९ मध्ये छापलेली? त्यातल्या एखाद्या क्रियारूपावरून 'तेराव्या शतकातील मराठीचे विशेष' काढणारा प्रबंध आणि 'दुर्मीळ, १९२४' यांत फरक कसला? एकनाथांची गोष्ट निराळी. आपण शोधन केले हे त्यांनी सालासकट सांगून ठेवले. रंग दिला आणि कधी दिला ते तळाशी लिहिलेही. आजचे प्रकाशक एवढेही करत नाहीत.

कारण खरा अपराध पुन्हा रंग देण्याचा आहे. जुने इंजिन खरवडून नव्या रंगाने, नव्या अक्षरांनी 'पूर्ववत' करणारे कारागीर असतात. इंजिन देखणे होते आणि पुरावा कायमचा जातो. आपल्याकडे १९६२ साली शासनाने लेखनाचे नवे नियम मान्य केल्यापासून जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांत नेमके हेच चालले आहे. अनुच्चारित अनुस्वार पुसले, ऱ्हस्वदीर्घ बदलले, कधी शब्दही 'सुधारले', आणि प्रस्तावनेत त्याचा उच्चारसुद्धा नाही. उलट मुखपृष्ठावर पहिल्या आवृत्तीचे साल ठळक अक्षरांत.

यावर ठरलेले उत्तर येते : साहित्य ही वस्तू नव्हे, तिचा आस्वाद घ्यावा, साले इतिहासवाल्यांनी मोजावीत. आस्वाद अवश्य घ्यावा. पण हरिभाऊंची भाषा 'आश्चर्यकारक आधुनिक' आहे असा आस्वाद एका सहकाऱ्यांनी चर्चासत्रात घेतला, तेव्हा त्यांच्या हातात १९६२ नंतरचे पुनर्मुद्रण होते, आणि अर्धी आधुनिकता मुद्रितशोधकाची होती. मी पहिल्या आवृत्तीबद्दल विचारले. ग्रंथालयात ती आहे, पण जीर्ण झाल्यामुळे कोणाला देत नाहीत, असे ते म्हणाले, आणि सभागृहातल्या कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.