हिटलर कुणाला आवडत होता?

‘हिटलरच्या लोकप्रियतेची कारणे लिहा.’ पाच गुणांचा प्रश्न. गाइडमधले उत्तर वर्षानुवर्षे तेच. प्रभावी वक्तृत्व, व्हर्सायच्या तहाचा अपमान, जागतिक मंदी, बेकारीवर केलेली मात, गोबेल्सची प्रचारयंत्रणा. पाच मुद्दे, पाच गुण. आमच्या अभ्यासिकेत नववीची मुले हे उत्तर घोकताना मी ऐकतो आणि दर वेळी मला प्रश्नातच खोट दिसते. लोकप्रिय म्हणजे कुठल्या लोकांना प्रिय? १९३३ साली जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू राहत होते. ते लोक होते की नव्हते? सत्ता आल्यावर दोन महिन्यांच्या आत डाखाऊची छावणी उघडली आणि तिच्यात सर्वांत आधी कम्युनिस्ट आणि समाजवादी कोंबले गेले. तेही जर्मनच होते. गाइडच्या उत्तरात यांना जागा नाही. ते उत्तर पाठ केलेल्या मुलाच्या डोक्यात शेवटी उरतो तो एक कर्तबगार माणूस, ज्याच्या हातून पुढे एक मोठी चूक झाली.

हुकूमशहाच्या लोकप्रियतेचे कारण त्याच्या अंगच्या गुणांत शोधणारा इतिहास मुलांना हुकूमशहाचे कौतुक करायला शिकवतो. लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो.

आधी आकडे, कारण त्यांच्याबाबत दोन्ही बाजूंनी थापा चालतात. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते होती. मंदी आली, बेकारी वाढली आणि सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्क्यांवर गेली. जुलै १९३२ मध्ये ३७.३. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली तेव्हा पक्षाची जवळपास वीस लाख मते कमी झाली होती आणि टक्केवारी ३३.१ वर उतरली होती. ओहोटी लागलेल्या या माणसाला ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी चॅन्सेलर नेमले. फॉन पापेन वगैरे मंडळींना वाटत होते की याला आपण मुठीत ठेवू. पुढे संसदेला आग लागली, नागरी हक्क गुंडाळले गेले, विरोधक तुरुंगात गेले. एवढे होऊनही ५ मार्चच्या निवडणुकीत नाझींना ४३.९ टक्केच मते पडली.

तेव्हा ‘जनतेने त्याला बहुमताने निवडून दिले’ हे खरे नाही. पण ‘जनता बिचारी फसली’ हेही पटण्याजोगे नाही. तीनांतल्या एका मतदाराने त्याला डोळे उघडे ठेवून मत दिले होते. ज्यूंबद्दल तो काय बोलतो हे काही गुपित नव्हते.

खरी लोकप्रियता वाढली ती सत्ता हाती आल्यानंतर, आणि इथे इतिहासकारांचे एकमत नाही. शाळेत हेच मतभेद यायला हवेत. इयन कर्शॉ यांनी बव्हेरियातले गुप्त अहवाल चाळून दाखवले की लोक नाझी पक्षाला खुशाल शिव्या घालत. स्थानिक पुढारी लाचखाऊ, उर्मट. पण हिटलरची प्रतिमा या सगळ्यापासून वेगळी, स्वच्छ ठेवलेली. फ्यूररला हे कळले तर तो एकेकाला सरळ करील, असे लोक म्हणत. आपल्याकडे हे समजावून सांगावे लागत नाही. ‘साहेब देवमाणूस आहेत हो, भोवतालची माणसे वाईट’ हे वाक्य आपण कितीदा ऐकले आहे! कर्शॉ यांचे म्हणणे असे की लोकांना माणूस आवडत नव्हता, आपल्याच आशा-आकांक्षांनी रंगवलेले त्याचे चित्र आवडत होते.

रॉबर्ट जेलटली यांनी वेगळा धागा धरला. व्युर्त्सबुर्गच्या गेस्टापोच्या फायली जळून जाण्यापासून वाचल्या होत्या, त्या त्यांनी वाचल्या. त्या कचेरीत अवघे अठ्ठावीस कर्मचारी आणि त्यांच्या ताब्यात आठ लाखांहून अधिक लोकवस्तीचा मुलूख. एवढ्या मूठभरांना घराघरातले कसे कळत होते? शेजारी सांगत होते. ज्यूंशी मैत्री किंवा संबंध ठेवल्याच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांची सुरुवात सामान्य माणसाच्या तक्रारीतून झाली होती. कुणाला शेजारणीचा राग होता, कुणाला धंद्यातला स्पर्धक नको होता, कुणाला घर हवे होते. विचारसरणीचा भाग बऱ्याचदा थोडाच.

याला रिचर्ड इव्हान्स यांचा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. धाक नव्हताच असे म्हणू नका, असे ते बजावतात. १९३३ या एका वर्षात एक लाखाहून जास्त लोक डांबले गेले, कामगार संघटना मोडल्या गेल्या, कम्युनिस्ट वस्त्यांत मारहाण झाली. ज्याच्या भावाला उचलून नेले त्याची संमती कशी मोजायची?

मला दोघांचेही पटते, आणि दोघांना एकत्र वाचल्यावर जे दिसते तेच मुलांना सांगावेसे वाटते. धाक सगळ्यांवर सारखा नव्हता. १९४१ साली बव्हेरियाचा शिक्षणमंत्री वाग्नर याने शाळांतले क्रूस काढण्याचा हुकूम काढला. गावोगावच्या आया खवळल्या. अर्ज, मोर्चे, मुलांना शाळेत न पाठवण्याच्या धमक्या. ऑगस्टअखेर हुकूम मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी मनोरुग्ण आणि अपंगांच्या हत्येविरुद्ध उघड प्रवचन दिले. वायूने मारण्याची ती अधिकृत मोहीम हिटलरने थांबवली, जरी पुढे चोरून हत्या चालूच राहिल्या. युद्ध चालू, हुकूमशाही कळसाला पोचलेली, तरी लोक बोलले आणि सरकार नमले. मग नोव्हेंबरात म्युनिकहून सुमारे एक हजार ज्यूंना आगगाडीत भरून कौनासला नेले आणि गोळ्या घातल्या, तेव्हा त्या आया कुठे होत्या? त्यांना बोलता येत नव्हते असे नाही. तो त्यांचा प्रश्न नव्हता.

बेकारीचा मुद्दा तर गाइडवाल्यांचा हुकमाचा एक्का. हिटलरने रस्ते बांधले, नोकऱ्या दिल्या. कोलोन ते बॉन हा वेगवान मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी खुला केला, हिटलर सत्तेवर यायच्या आधी. ऑटोबानच्या कामावर ऐन भरात सव्वा लाखाच्या आसपास माणसे होती आणि बेकार होते साठ लाख. उरलेली भर शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांनी आणि सक्तीच्या लष्करभरतीने घातली. स्वस्त मोटारीसाठी तीन लाखांहून जास्त लोकांनी दर आठवड्याला पैसे भरले. एकालाही मोटार मिळाली नाही. लोकांना मिळाले ते दुसऱ्यांचे. ज्यू डॉक्टर, वकील, प्राध्यापक काढले गेले, त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. युद्धकाळात हँबुर्गमध्ये ज्यूंच्या घरातले फर्निचर, कपडे, भांडीकुंडी यांचे जाहीर लिलाव होत आणि सामान्य गृहिणी बोली लावत. ग्योत्झ आली या इतिहासकाराने या लुटीवरच हिटलरच्या लोकप्रियतेचा सिद्धांत उभा केला. त्याच्या हिशेबांना अॅडम टूझ यांनी आव्हान दिले आहे, पण लिलाव झाले नाहीत असे कुणी म्हणत नाही.

आता आपल्याकडे पाहू. २००४ साली गुजरात बोर्डाच्या दहावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकावर वृत्तपत्रांत टीका झाली. त्यात हिटलरने जर्मन सरकारला प्रतिष्ठा मिळवून दिली, भक्कम प्रशासन उभारले असा गौरव होता आणि ज्यूंच्या कत्तलीचा जवळपास पत्ताच नव्हता. ही नजरचूक होती असे मला वाटत नाही. गोळवलकरांनी १९३९ मध्येच जर्मनीच्या वंशाभिमानाचा धडा हिंदुस्थानला उपयोगी आहे असे लिहून ठेवले होते. याउलट एनसीईआरटीच्या २००६ च्या नववीच्या पुस्तकात सामान्य माणसांच्या सहभागाबद्दल स्वतंत्र मजकूर होता, हे श्रेय त्या लेखकांना दिले पाहिजे. पण शिकवणी वर्गात तो भाग ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून उलटला जातो. फुटपाथवर ‘माझा लढा’ मात्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते.

इथपर्यंत आपले वाचक माना डोलावतील. पुढचे कडू आहे.

गाझावर बॉम्ब पडले की आमच्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या स्टेटसवर हिटलरचा फोटो चढतो. त्याखाली त्याच्या नावावर एक वाक्य: काही ज्यू मुद्दाम जिवंत सोडले, म्हणजे बाकीच्यांना का मारले ते जगाला कळेल. हे वाक्य बनावट आहे. पण बनावट नसते तरी काय? इस्रायलच्या सरकारने पॅलेस्टिनी मुलांवर केलेल्या जुलमाचा सूड १९४२ सालच्या पोलंडमधल्या ज्यू मुलांवर कसा उगवतो? अभ्यासिकेतल्या एका मुलाला मी हे विचारले. तो म्हणाला, ‘सर, तो आपल्या बाजूचा तर होता ना?’

नव्हता, बेटा. १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर चाल केल्यावर हाती आलेले हजारो मुसलमान युद्धकैदी एसएसच्या पथकांनी मारले, कारण त्यांची सुंता झालेली होती आणि त्यावरून ते ज्यू ठरवले गेले. डेव्हिड मोटाडेल यांनी हे कागदपत्रांसह लिहिले आहे. पुढे माणसे कमी पडू लागली तेव्हा त्याच एसएसने बोस्नियात मुसलमानांची पलटण उभारली. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी हिटलरला जाऊन भेटले, ही आपण झाकायची गोष्ट नाही. आणि बर्लिनमध्ये मोहम्मद हेल्मी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरने अॅना बोरोस या ज्यू मुलीला युद्ध संपेपर्यंत लपवले, नूर इनायत खान डाखाऊत गोळी घालून मारली गेली, ही विसरायची नाही. तो मुलगा नूरचे नाव पहिल्यांदाच ऐकत होता.

शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे. मंडळाचा प्रश्न बदलणे तुमच्या हातात नसेल, फळा आहे. त्यावर नोव्हेंबर १९३२ चा आकडा लिहा, व्युर्त्सबुर्गचे ते अठ्ठावीस कर्मचारी लिहा, क्रूसाचा हुकूम आणि म्युनिकची गाडी एकाखाली एक लिहा. आणि गाइडमधला प्रश्न खोडून असा विचारा: हिटलर कुणाला आवडत होता, त्यांना काय मिळत होते आणि ते कुणाच्या घरातून येत होते?