‘मैत्रिणीच आहेत’, पण किती दिवस?

गावात मुलगा-मुलगी एसटी स्टँडवर दोन मिनिटं बोलले, तरी संध्याकाळपर्यंत घरी खबर पोचते. दोन मुली मात्र रोज डबलसीट फिरल्या, एका ताटात जेवल्या, तरी कुणाला काही वाटत नाही. ‘मैत्रिणीच आहेत!’

त्यांचं एकमेकींवर प्रेम असेल, तर हा आडोसा टिकतो तो स्थळं यायला लागेपर्यंत. मग नकाराचं कारण विचारतात आणि खरं कारण तर सांगता येत नाही. घरी कळलंच, तर मोबाइल जातो, कॉलेज सुटतं आणि लग्नाची तारीख निघते.

कायदा काय म्हणतो? समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. २०२३ मध्ये अशा लग्नांना मान्यता मात्र दिली नाही. तरी सज्ञान मुलीला मनाविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. समुपदेशनाच्या नावाखाली तिला ‘बदलायचा’ प्रयत्न न्यायालयांनी करू नये, असंही याच कोर्टाने मार्च २०२४ मध्ये बजावलं.

पण कोर्ट लांब असतं, तुम्ही जवळ असता. होस्टेलमधल्या मैत्रिणीने विश्वासाने सांगितलं, तर ते ग्रुपवर टाकू नका. ‘तिच्या भल्यासाठी’ तिच्या घरी फोन तर मुळीच नको. कुणाला, कधी सांगायचं हे तिलाच ठरवू दे. आणि ‘लग्न झालं की होईल ठीक’ असंही म्हणू नका. त्यात तिच्यासोबत एका अनोळखी मुलाचंही आयुष्य अडकतं.