वहीला पडणारे परके कुलूप

दिवाळीत पेढीवर वहीपूजन होते, तेव्हा लाल बांधणीच्या वहीशेजारी आता संगणकालाही कुंकवाचे बोट लागते. ते योग्यच आहे. रोजमेळ, खतावणी, मालाचा साठा, येणे-देणे, जीएसटीची विवरणपत्रे हे सारे आज त्याच यंत्रात नांदते. मात्र जुनी वही आणि संगणकातील वही यांत एक मोठा भेद आहे. जुनी वही पळवायची तर चोराला पेढीचा उंबरा ओलांडावा लागे. संगणकातील वहीला हजारो मैलांवरून हात घालता येतो. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला बांधून झोपणाऱ्या घराण्यांत वाढलेले आपण या नव्या तिजोरीविषयी मात्र पुष्कळदा निर्धास्त असतो. ‘आमच्यासारख्या लहान दुकानाकडे कोण पाहणार?’ असे विचारले जाते. खरे तर कोणी पाहतच नाही. रात्री गल्लीतून जाणारा भुरटा चोर प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतो, तसे हे प्रोग्राम जगभरच्या संगणकांची दारे आपोआप चाचपत असतात. जे उघडे सापडेल, तेथे शिरकाव होतो. दुकान लहान की मोठे, हा विचार नंतरचा.

कुलूप त्यांचे, किल्लीही त्यांचीच

रॅन्समवेअर म्हणजे खंडणीसाठी फाइली ओलीस धरणारा प्रोग्राम. तो फाइली पळवीत नाही की पुसत नाही. त्या जागच्या जागी ठेवूनच त्यांचे रूपांतर अशा सांकेतिक लिपीत करतो की तिची किल्ली केवळ गुन्हेगाराजवळ राहते. फाइलीचे नाव दिसते, आकार दिसतो, पण उघडता येत नाही. पडद्यावर मजकूर येतो: अमुक दिवसांत अमुक रक्कम आभासी चलनात भरा, म्हणजे किल्ली मिळेल.

ही युक्ती आजची नाही. १९८९ साली एड्सविषयीच्या माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठविण्यात आल्या. संगणक सुमारे ९० वेळा सुरू झाला की त्यातील फाइलींची नावे सांकेतिक होत आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठविण्याची मागणी पडद्यावर येई. त्या काळी खंडणी टपालाने मागवावी लागे. इंटरनेट व आभासी चलन आले आणि हाच धंदा घाऊक झाला. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने १५०हून अधिक देशांतील संगणक गाठले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते प्रामुख्याने सापडले.

न्हावाशेवा आणि घाना

व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी घटना त्याच वर्षी २७ जूनला घडली. युक्रेनमध्ये हिशेब व कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मी-डॉक’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम मिसळला. रोजच्या हिशेबाच्या वाटेनेच तो आत आला आणि काही तासांत देशोदेशी पसरला. जहाजवाहतुकीतील अग्रगण्य डॅनिश कंपनी ‘मर्स्क’ त्यात सापडली. तिच्या समूहाकडे असलेल्या आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील कंटेनर टर्मिनलचे कामकाजही ठप्प झाले आणि न्हावाशेव्यात आयात-निर्यातीचा माल अडकून पडला. युक्रेनमधील हिशेबनिसाच्या संगणकातून सुटलेल्या रोगाची झळ अशी रायगड जिल्ह्यापर्यंत आली. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक तिला नव्याने उभारावे लागले. खंडणी भरणाऱ्यांनाही त्यातून सुटका नव्हती, कारण या प्रोग्रामला किल्लीच नव्हती. रूप खंडणीचे असले, तरी हेतू विध्वंसाचा होता.

मर्स्क सावरली ती कशी, हे अधिक उद्बोधक आहे. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची नोंदवही ज्या सर्व्हरांवर असे, ते परस्परांची प्रत बाळगीत. एक बिघडला तर दुसरा उपयोगी पडेल, अशी योजना होती. पण सारेच एकमेकांना जोडलेले असल्याने सारेच एकदम नष्ट झाले. वाचला तो केवळ आफ्रिकेतील घाना येथील एक. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. ती एक प्रत हातात घेऊन माणसे विमानाने लंडनकडे निघाली आणि तिच्या आधारे सारा डोलारा पुन्हा उभा राहिला.

घान्यातील वीज योगायोगाने गेली होती. आपण मात्र ही व्यवस्था रोज जाणीवपूर्वक करू शकतो. वायर काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत कोणताही हल्लेखोर पोहोचू शकत नाही.

प्रती किती, आणि कोठे?

जाणकारांचा साधा नियम आहे: माहितीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी १ जागेबाहेर. पेढीच्या भाषेत सांगायचे तर एक प्रत चालू संगणकात, दुसरी बाहेरील हार्ड डिस्कवर, आणि तिसरी घरी किंवा क्लाउडवर.

यात तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, बॅकअपची डिस्क संगणकाला अहोरात्र जोडलेली असणे. हल्ला होतो तेव्हा तीही त्याच तडाख्यात सापडते. प्रत घेताच डिस्क काढून ठेवावी. शक्य तर दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात. दुसरी, क्लाउडमधील आपोआप जुळणारे फोल्डर म्हणजेच बॅकअप, असे समजणे. संगणकातील फाइल बिघडली की तिकडची प्रतही बिघडते. अशा सेवांत फाइलींची जुनी रूपे काही काळ, बहुधा ३० दिवस, टिकतात. आपल्या सेवेत ती सोय आहे का आणि किती दिवसांची, हे आधीच पाहून ठेवावे. तिसरी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बॅकअप कधीच उघडून न पाहणे. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर ती प्रत चढवून मागील ताळेबंद नीट दिसतो की नाही, हे पडताळावे. काही हल्लेखोर आत शिरून अनेक दिवस गप्प राहतात, म्हणून मागील काही महिन्यांच्या प्रतीही राखून ठेवाव्यात.

फोल्डरभोवतीचे कुंपण

विंडोज १० व ११ मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ नावाची सोय असते, पण ती मुळात बंद असते. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात खाली ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ या क्रमाने गेल्यास ती सापडते. ती सुरू केली की अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांत काहीही लिहिता वा बदलता येत नाही. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखे फोल्डर तिच्या संरक्षणात आपोआप येतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहिती मात्र बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये असते. तो फोल्डर यादीत स्वतः जोडावा लागतो, आणि सॉफ्टवेअरची अडवणूक होत असल्यास त्यालाही परवानगी द्यावी लागते. विंडोजचा स्वतःचा ‘डिफेंडर’ चालू असेल तरच ही सोय चालते. दुसरे अँटीव्हायरस बसविले असल्यास त्यातील तशीच सोय शोधावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोल्डर लपविणे किंवा त्याला पासवर्ड लावणे म्हणजे रॅन्समवेअरपासून संरक्षण नव्हे. लपविलेला फोल्डर प्रोग्रामला स्वच्छ दिसतो. पासवर्डच्या फाइलीलाही तो वरून आपले कुलूप घालू शकतो. आपल्या कुलूपबंद पेटीला परक्याने आणखी एक कुलूप ठोकावे, तसे ते होते.

पासवर्ड व सांकेतिकीकरण उपयोगी पडते ते दुसऱ्या धोक्यात, म्हणजे माहितीच्या चोरीत. वर सांगितलेले कुंपण फाइल बदलू देत नाही, पण वाचू देते. बॅकअप बिघडलेली वही परत देतो, पण बाहेर गेलेले गुपित परत आणीत नाही. आजचे हल्लेखोर म्हणूनच आधी माहिती उतरवून घेतात, मग कुलूप लावतात, आणि पैसे न दिल्यास ती उघड करण्याची धमकी देतात. लॅपटॉप हरवला, तर विंडोजच्या प्रो आवृत्तीतील ‘बिटलॉकर’ने सांकेतिक केलेली डिस्क चोराच्या उपयोगाची राहत नाही. मात्र त्याची रिकव्हरी-किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी, नाहीतर आपणच बाहेर राहू. ग्राहकांच्या आधार व पॅनच्या प्रती काम संपल्यावर ठेवूच नयेत. जी माहिती आपल्यापाशी नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही.

बाकीची दारे थोडक्यात. घरून पेढीचा संगणक पाहण्यासाठी ‘रिमोट डेस्कटॉप’ इंटरनेटवर उघडे ठेवू नये. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. रोजच्या कामाला प्रशासकाचे खाते वापरू नये. अनोळखी ईमेलमधील ‘बिल’ उघडू नये आणि फुकटात मिळालेले चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, याचीही नोंद घ्यावी.

प्रसंग ओढवलाच तर

प्रथम इंटरनेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा, शेजारचे संगणकही वेगळे करा. बॅकअपची डिस्क त्या यंत्राला चुकूनही जोडू नका. पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घ्या. घाईने फॉरमॅट करू नका, कारण पुरावा जातो आणि कदाचित उपायही. १९३० या क्रमांकावर व राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असा प्रकार कळल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवायचे असते. डच पोलीस व युरोपोल यांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर काही प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. तेथे शोध घ्यावा.

खंडणी द्यावी का? २०२१ मध्ये अमेरिकेतील ‘कलोनियल पाइपलाइन’ कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर दिले. मिळालेली किल्ली इतकी मंद होती की कंपनीला अखेर स्वतःच्या बॅकअपकडेच वळावे लागले. पैसे दिल्याने फाइली मिळतीलच याची हमी नाही. चोरलेली प्रत पुसली गेली, हा केवळ चोराचा शब्द असतो. शिवाय आपण पैसे देणारे आहोत, हे त्या बाजारात नोंदले जाते.

व्यापाऱ्याचे खरे भांडवल त्याची पत. वहीत केवळ आपले आकडे नसतात. तिच्यात कोणाची उधारी, कोणाची गहाण ठेव, कोणाच्या कन्येच्या लग्नासाठी घडविलेले दागिने, अशी इतरांनी विश्वासाने सांगितलेली माहिती असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिच्या रक्षणात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून, ग्राहकाची गोष्ट पेढीबाहेर जाऊ न देणे हाच पेढीचा नियम होता. तो आता संगणकालाही लावायचा आहे. आज दुकान वाढविण्यापूर्वी एक प्रत घ्यावी आणि डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवावी. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.