पिशवी काढल्यानंतरचा प्रश्न

आमच्या बीदर-कलबुर्गीकडील घरांत गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात, आणि 'तिची पिशवी काढली' हे वाक्य फारसे आश्चर्य न वाटता उच्चारले जाते. पोटदुखी, पांढरे जाणे, अनियमित पाळी अशा तक्रारींवर पुष्कळदा औषधोपचारही पुरतो; तरीही तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रिया शस्त्रक्रियेला तयार होतात. 2015 साली कलबुर्गी जिल्ह्यातील लंबाणी तांड्यांवरील अशा शस्त्रक्रियांचे प्रकरण राज्यभर गाजले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे 2019 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात सांगण्यात आले. पुढे 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले.

न्याय झाला, तरी ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजकोश संप्रेरके निर्माण करीत राहतात. मात्र रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येण्याचा संभव असतो. दोन्ही बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकाएकी आटते. मग अंगातून वाफा निघणे, रात्री घाम, झोपमोड, योनिमार्गाची कोरड ही लक्षणे तर दिसतातच. शिवाय न दिसता हाडे ठिसूळ होत जातात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या देशात रजोनिवृत्ती साधारणतः 46-47 व्या वर्षी येते. तिशीत ती लादली गेल्यास शरीराला दीड दशकाचा तोटा सोसावा लागतो. अशा स्त्रीला विरोधी कारण नसल्यास निदान नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देणे हा मान्य उपचार आहे.

येथेच 'नैसर्गिक', 'जैवसमरूप' या शब्दांचा बाजार सुरू होतो. त्यांचा खरा अर्थ इतकाच की, औषधातील रेणू शरीरातील संप्रेरकाच्या रेणूसारखाच असतो. एस्ट्रॅडिऑल व सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन ही अशी औषधे सामान्य दुकानांतही चिठ्ठीवर मिळतात. सोयाबीन वा रानकंदातील द्रव्यापासून ती प्रयोगशाळेत बनवितात. पण तो कंद शिजवून खाल्ल्याने शरीरात त्याचे संप्रेरक होत नाही. लाळेची तपासणी करून 'खास तुमच्यासाठी' बनविलेल्या मलमांना व गोळ्यांना मात्र शुद्धता व मात्रा यांच्या कसोटीचा आधार नसतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज सोडावयास हवा.

उलट भीतीही आंधळी नसावी. अमेरिकेतील मोठ्या पाहणीचा एक भाग 2002 साली थांबविण्यात आला, कारण संयुक्त उपचाराने स्तनांचा कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या आढळल्या. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. पस्तिशीतील भगिनीस तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडत नाही. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते, अन्यथा अस्तराचा कर्करोग उद्भवू शकतो. गर्भाशय काढलेले असल्यास सहसा त्याची गरज नसते. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या वा यकृताचा गंभीर विकार झालेल्यांनी हा विषय वैद्यांशी विशेष काळजीपूर्वक बोलावा.

पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन वयाबरोबर सावकाश उतरते. त्यांच्यात रजोनिवृत्तीसारखा अचानक खंड पडत नाही. लक्षणे असून सकाळच्या दोन रक्ततपासण्यांत ते कमी आढळले, तरच उपचाराचा विचार करावा. संततीची इच्छा असणाऱ्याने तर हे इंजेक्शन आपण होऊन घेऊच नये, कारण त्याने शुक्रजंतू घटतात.

वाचकांना आमची विनंती एवढीच. घरातील ज्या भगिनीची पिशवी काढली असेल, तिचा शस्त्रक्रियेचा कागद शोधून काढावा. तो कानडीत वा इंग्रजीत असतो, आणि म्हणूनच पुष्कळांकडे तो न वाचताच पेटीत पडलेला असतो. बीजकोश ठेवले की काढले, हे त्यावरून समजून घ्यावे आणि बीदर वा कलबुर्गीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात तो दाखवावा. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, ही तिची कुरकुर 'वयाची' म्हणून सोडून देण्यापूर्वी तिचे वय एकदा मोजून पाहावे.