निदानच नाही, तर औषध कोणाला देणार?

मा. महासंचालक,
जागतिक आरोग्य संघटना, जिनिव्हा

महोदय,

चागास रोगाची लागण साठ लाखांहून अधिक लोकांना आहे, वर्षाला सुमारे १०,००० माणसे त्याने मरतात आणि निदान झालेले १० टक्केही नाहीत. हे आकडे तुमच्याच संघटनेचे. तरीही २०३० पर्यंत ७५ टक्के पात्र रुग्णांना औषध पोहोचवू, असे तुम्ही जाहीर केले आहे. आपल्याला रोग आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांना औषध देणार कसे?

कार्लोस चागास यांना १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये या रोगाचा परजीवी दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात दिसला. ती तीव्र अवस्थेतली रुग्ण होती. जुनाट अवस्थेत परजीवी हृदयाच्या आणि आतड्याच्या स्नायूंत दडतो, सूक्ष्मदर्शकाला सापडत नाही. मग शोधायची ती प्रतिपिंडे. जुन्या चाचण्यांत त्यासाठी रोग पसरवणाऱ्या ढेकणाच्या आतड्यातली परजीवीची अवस्था प्रयोगशाळेत वाढवतात आणि तिचा अर्क वापरतात. तो अर्क लीशमॅनिया या वेगळ्या परजीवीची लागण झालेल्यालाही चागासचा रुग्ण ठरवू शकतो. म्हणून दोन वेगळ्या चाचण्या, निकाल जुळला नाही तर तिसरी. बोलिव्हियाच्या चाको भागातल्या बाईने एवढ्यासाठी शेत आणि मुले सोडून शहराच्या किती खेपा घालायच्या?

याउलट, माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या परजीवीच्या अवस्थेच्या अंगावरची प्रथिने शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहेत: म्युसिन, ट्रान्स-सियालिडेज, टीएसएसए. बोटाच्या थेंबभर रक्तावर होणाऱ्या रॅपिड टेस्टही आहेत. मात्र परजीवीचे वाण प्रदेशागणिक बदलतात, टीएसएसएचे रूपही त्यांच्याबरोबर बदलते. बोलिव्हियात चांगली चाललेली चाचणी मेक्सिकोत रुग्ण चुकवू शकते. ही अडचण खरी आहे, पण ती प्रत्येक प्रदेशात चाचण्या पडताळून सोडवायची असते. तिच्या नावावर थांबून राहायचे नसते.

उपचारानंतरचे हाल तर त्याहून वाईट. बेंझनिडाझोल साधारण ६० दिवस घ्यायचे, अंगावरचे पुरळ सोसायचे, आणि बरे झालो का, याचे उत्तर नाही. नेहमीची चाचणी पुढे वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच येते. पृष्ठभागावरच्या म्युसिनविरुद्धची प्रतिपिंडे त्याआधी ओसरतात, हे संशोधनातून दिसले आहे. मग ती तपासणी दवाखान्यात का नाही?

२००४ मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात याच कुळातला, एरवी जनावरांत आढळणारा परजीवी सापडला. तेव्हा पृष्ठभागाच्या प्रतिजनावर आधारलेल्या चाचणीने त्याचे गाव तपासले गेले आणि त्या कामात तुमच्या तज्ज्ञांचाही हात होता. एका रुग्णासाठी जे झाले, ते लाखोंसाठी का होत नाही?

वेगवेगळ्या प्रतिजनांच्या दोन रॅपिड टेस्ट, प्रदेशानुसार पडताळून, एकाच भेटीत निदानासाठी ग्राह्य धरा. बाळंतपणाला आलेल्या प्रत्येक बाईपासून ही तपासणी सुरू करा. आईकडून लागण झालेले बाळ पहिल्या वर्षात औषध मिळाले तर जवळजवळ नक्की बरे होते. आणि उपचार संपवलेल्या माणसाला ‘बरे झालो का’ याचे उत्तर देणारी चाचणी कधी मिळेल, त्याची तारीख लेखी कळवा.

एक मराठी वाचक