घरगुती जेवण मिळेल, पण कोणाच्या घरचे?

आंब्याचा हंगाम जवळ आला की आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला फलक वाढू लागतात. ‘घरगुती जेवण मिळेल. राहण्याची उत्तम सोय.’ कणकवलीहून मालवणला जा किंवा सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला, असे फलक मोजायला बसलात तर हाताची बोटे पुरणार नाहीत. शेतकरी बंधू-भगिनींनो, या फलकांचा आनंदच आहे. भातशेतीत खर्च निघता निघत नाही, आंब्यावर हवामानाचा घाला दरवर्षी ठरलेला, अशा वेळी चार पाहुणे घरी उतरले तर चार पैसे घरात येतात. पण एकदा आत जाऊन भिंतीवरचे दरपत्रक वाचा. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, गोबी मंच्युरियन आणि अगदी तळाला ‘मालवणी थाळी’. घर आपले, अंगण आपले, चुलीपुढची माणसे आपली आणि ताटात मात्र पंजाब आणि चीन!

याबद्दल कोणाला विचारले की उत्तर तयार असते. ‘आमचा ह्या साधा जेवाण मुंबयवाल्यांका आवडात काय?’ आवडते. पनीर त्यांच्या घराखालच्या हॉटेलात मिळते, आणि आपल्यापेक्षा चांगले मिळते. त्यासाठी कोणी रात्रभर कोकण रेल्वेत बसून येत नाही. शेतावरच्या मुक्कामाला येणारा पाहुणा हा तुमच्या घरात त्या दिवशी काय शिजते ते खायला आणि त्या दिवशी शेतात काय चालले आहे ते बघायला येतो. हे भांडवल आपल्याकडे आहे, पण आपण ते फडताळात लपवून ठेवतो.

जरा हिशेब करून पाहा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे ओल्या काजूगरांची उसळ असते, कुयरीची भाजी असते, रायवळ आंब्याचे सासव असते. न्याहारीला घावणे किंवा आंबोळी आणि सोबत काळ्या वाटाण्याचे सांबारे. एखाद्या दिवशी शिरवाळे आणि नारळाचा गोड रस. कोंबडी-वडे तर आहेतच. पण वडे हातावर थापून तळताना पाहुण्यांच्या मुलांना चुलीजवळ बसू द्या, ती मुले वर्षभर ते विसरणार नाहीत. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू. श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि तवशाचे धोंडास, तेही खाली-वर निखारे ठेवून भाजलेले. सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज, बरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा खारातला आंबा. आपल्याला ही पेज गरिबाची वाटते. शहरातला माणूस तिच्यासाठी दुसऱ्यांदा वाडगा पुढे करतो. (रानातल्या अळंबीच्या बाबतीत मात्र धाडस नको. घरातल्या जाणत्या माणसाला खात्रीने ओळखता येत नसेल तर ती पाहुण्याच्या ताटात वाढू नये.)

ओल्या काजूगरांचे आणखी एक सांगायला हवे. हिरवी बी फोडताना चिकाने बोटांची साले निघतात. हे काम करणाऱ्या बाईचे हात आठवडाभर दुखतात. मग ती उसळ बटाट्याच्या भाजीच्या दरात का वाढायची? दरपत्रकात तिचा दर वेगळा ठेवा आणि पाहुण्याने विचारले तर कारणही सांगा. कारण कळल्यावर पैसे द्यायला कोणी कुरकुरत नाही.

मासळीचे तर बोलायलाच नको. पावसाळ्यात १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही जुलैत आलेल्या पाहुण्याने पापलेट मागितले की आपण बर्फातले, कुठून तरी आलेले पापलेट आणून वाढतो. ते शिळे, महाग आणि चवीला पाणचट. पाहुणा जाताना म्हणतो, मालवणी मासे काही खास नव्हते. त्यापेक्षा सरळ सांगावे, ‘साहेब, सध्या माशांच्या विणीचा काळ आहे, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत. आज आमच्याकडे कुळथाची पिठी, भात आणि सुकटीची चटणी आहे. उद्या सकाळी होड्या बघायला नेतो.’ यात कमीपणा कसला?

आता थोडे कडू बोलतो. घरगुती जेवण हे जिच्या हातचे असते तिच्या हातात संध्याकाळी काय पडते? कृषी खात्याच्या कामानिमित्त गावोगाव अशा घरांत जाणे होते. पाहुण्यांची वही मालकाकडे, मोबाईलवर आलेले पैसे मालकाच्या खात्यात, आणि मालकीणबाई पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंत चुलीपुढे. विचारले तर मालक हसून म्हणतात, ‘तिका कसले पैशे? ती घरचीच मा!’

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, चार पाहुणे आहेत, माणशी एका जेवणाचा दर ३०० रुपये. दोन वेळच्या जेवणाचे २,४०० रुपये झाले. कोंबडी, तांदूळ, नारळ, तेल, मसाला, गॅस मिळून १,१०० गेले असे धरा. यात घरचा नारळ फुकट धरू नका, बाजारात विकला असता तर जो भाव आला असता तो लिहा. हातात १,३०० उरतात आणि मालक खूश होतात. पण स्वयंपाकाला बाहेरची बाई ठेवली असती तर तिला समजा ५०० रुपये रोज, आणि भांडी, झाडलोट, चादरी धुणे यासाठी दुसऱ्या माणसाला ३०० द्यावे लागले असते. म्हणजे १,३०० मधले ८०० ही मजुरी आहे आणि धंद्याचा नफा फक्त ५००. हे ८०० घरातल्या बाईचे आहेत. ते तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाले पाहिजेत. असा हिशेब न मांडल्यामुळे आपण दर कमी ठेवतो, शेजारी त्याहून कमी ठेवतो, आणि दोघांचाही धंदा घरातल्या बाईच्या कंबरेवर चालतो. तिची कंबर धरली की फलक उतरतो. असे उतरलेले फलक आपल्या जिल्ह्यात आहेत, ओळखणाऱ्याला ते माहीत आहेत.

शासनाच्या कागदावर या गोष्टीला आता थोडा आधार आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. त्याआधी २००५ पासूनच बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत शेतावर पाहुणे उतरवण्याचा प्रयोग सुरू झाला होता, म्हणजे ही कल्पना हवेतली नाही. पुढे २०२३ साली महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आले. त्यात महिलेने स्वतःच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळते. मात्र व्यवसाय खरोखर तिच्या मालकीचा आणि तिने चालवलेला हवा. नावापुरती बाई आणि सहीपुरता अंगठा हा आपल्याकडचा जुना खेळ येथे खेळू नये. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे, घराच्या नोंदीतही दोघांची नावे लावता येतात. जे दिवसभर राबून धंदा उभा करते त्या माणसाचे नाव कागदावर असू नये, हे मला तरी पटत नाही.

पाहुणा एक रात्र राहतो की तीन रात्री, यावर या धंद्याचे गणित ठरते. एका रात्रीत चादर धुण्याचाच खर्च निघतो. तीन रात्री राहावा असे वाटत असेल तर त्याला दाखवायला काहीतरी हवे, आणि ते आपल्याकडे भरपूर आहे. आपला जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पण २८ वर्षे उलटून गेली तरी आपण पाहुण्याला तारकर्लीच्या वाळूत नेऊन उभे करतो आणि आपले काम संपले असे समजतो. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा किल्ल्यांवर गर्दी वाढणारच. गर्दीपासून दूर काय आहे ते शेतकऱ्याने सांगायचे असते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पे. आणि धामापूरचा तलाव! त्याला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. शेतकऱ्याने तर तो आपल्या पोरांनाही नेऊन दाखवावा. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र, जिथून वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती आल्या, तेही शहरातल्या माणसाला नवलाचे वाटते. काजू बोंडाच्या खाली लोंबतो हे अनेकांना ठाऊकच नसते. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार असतो. पाहुण्याला घोंगडी द्या, चहाचा थर्मास द्या आणि देवळासमोर बसवा. त्याला झोप आली तर येऊ दे, पहाटे राक्षस गर्जला की तो जागा होईलच.

यातल्या कशालाही वेगळा खर्च नाही. गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलाला वाटाड्या म्हणून तयार करा, त्याचा दर फलकावर लिहा. तो गोव्यातल्या हॉटेलात भांडी विसळायला जाण्याऐवजी गावात राहील. २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली आहेत आणि त्यांतली माणसे आपल्याच रस्त्यांवरून जातात. त्याच विमानांनी जमीन घेणारेही येतात, हेही ध्यानात असू द्या. समुद्र दिसणारा सडा एकरकमी पैशांत विकायचा आणि मग त्याच सड्यावरच्या रिसॉर्टच्या फाटकावर राखणदार म्हणून उभे राहायचे, हा व्यवहार किनाऱ्यावरच्या किती घरांनी केला ते तुम्ही मला सांगायला नको.

आता सरपंच, तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांच्यासाठी दोन शब्द. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि नेमके तेव्हाच पाहुणे येतात. एका घरात दहा पाहुणे आंघोळ करू लागले की वाडीतल्या बाकीच्यांच्या कळशा रिकाम्या राहतात आणि भांडणे लागतात. पाहुणे ठेवणाऱ्या घराला पाणीपट्टीचा वेगळा दर आणि कौलावरचे पावसाचे पाणी साठवण्याची अट, दोन्ही ग्रामपंचायतीने ठराव करून लावावी. त्यात अन्याय नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांचे काय करायचे, शोषखड्डा आहे की सांडपाणी शेजाऱ्याच्या माडाखाली जाते, हे नोंदणीच्या आधी बघितले जावे, तक्रार आल्यावर नव्हे. तलाठ्यांना विनंती की सामाईक सातबाऱ्याच्या प्रकरणात अर्जदाराला दहा हेलपाटे घालायला लावू नयेत. कोणते संमतीपत्र लागेल ते पहिल्या भेटीतच कागदावर लिहून द्यावे.

कारण आपल्याकडची खरी अडचण तीच आहे. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यातली बारा मुंबईत. त्यांच्या संमतीशिवाय कागद पुढे सरकत नाही आणि फोनवर ‘बघूया’ म्हणणारा भाऊ कधी बघत नाही. म्हणून यंदा शिमग्याला चाकरमानी गावी आले की मांडावरच संमतीपत्रावर सह्या घेऊन ठेवा. १ मेच्या ग्रामसभेत पाण्याचा आणि सांडपाण्याचा ठराव ठेवायचा असेल तर विषय सरपंचांकडे आधीच लेखी द्या. शिमगा चुकला तर पुढची खात्रीची गाठ गणपतीतच, आणि तोपर्यंत आंब्याचा हंगाम निघून गेलेला असेल.