सिस्टर एकटी असते, नियम तिच्यासाठी लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई



आमच्या वरूड तालुक्यात मानसिक आजार असलेल्या माणसाला डॉक्टरच्या आधी सिस्टर भेटते आणि डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिल्यानंतरही तीच भेटत राहते. मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकांना अमरावती नाही तर काटोलमार्गे नागपूर धरावे लागते. त्यात पेशंटचा दिवस जातो आणि सोबत जाणाऱ्याची मजुरीही बुडते. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. त्यांतले आम्हाला जवळचे नागपूरचे, आणि तेही शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळे झोप का उडाली, गोळी का बंद केली, माणूस दोन दिवस शेतातून घरी का आला नाही, हे सगळे आधी ऐकते ती ग्रामीण रुग्णालयातली, प्राथमिक आरोग्य केंद्रातली किंवा उपकेंद्रातली नर्स. तिने कसे वागावे, काय करावे, काय करू नये, हे तिच्या परिस्थितीला धरून कुठे लिहिलेले आहे का, हे विचारण्यासाठी हे पत्र.

माझा धाकटा भाऊ लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधावर आहे. वरूडचा मे महिना आपल्याला सांगायला नको. संत्र्याच्या बागेला पाणी देता देता माणूस स्वतः पाणी प्यायचे विसरतो. अशाच एका उन्हाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चाल अडखळू लागली. घरच्यांना वाटले, ऊन लागले. गोळ्यांसाठी आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरने गोळ्या दिल्याच नाहीत. तिने आधी विचारले, लघवी किती वेळा होते, जेवणातले मीठ कमी केले का, अंगदुखीवर मेडिकलमधून काही आणले का. डायक्लोफिनॅक चालू होती. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की लिथियम रक्तात साचते आणि अशा वेदनाशामक गोळ्यांनी आणखी चढते. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.2 मिलिमोल प्रति लिटर दरम्यान असावी लागते आणि तिच्या बरेच वर गेले तर जीवावर बेतू शकते. हे तिला माहीत होते. तिने अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून त्या दिवसाची गोळी थांबवली, कागदावर वेळ टाकून सही केली आणि आम्हाला लगेच रक्ततपासणीला पाठवले.

पण डॉक्टरांचा फोन लागला नसता तर? गोळी द्यायची की थांबवायची? थांबवली आणि आजार उसळला तर दोष तिचा. दिली आणि विषबाधा झाली तरी दोष तिचाच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 106 सांगते की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध किंवा उपचार मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने सुचवू नये. नियम योग्यच आहे. मेडिकलवाला झोपेच्या गोळ्या हातावर ठेवतो आणि कंपाऊंडर सुई टोचतो, अशा मुलखात तो हवाच. पण नर्सची कक्षा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ठरवून लिहायचे काम परिचर्या परिषदेचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने 2006 मध्ये नर्ससाठी आचारसंहिता काढली. ती सर्व नर्ससाठी आहे आणि चांगली आहे. मात्र डॉक्टर शंभर किलोमीटरवर असताना लिथियमवरच्या माणसासमोर उभ्या असलेल्या नर्सला तिच्यात उत्तर सापडत नाही.

अमेरिकेत 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथे मानसोपचारातली नर्स प्रॅक्टिशनर अनेक राज्यांत स्वतः निदान करते, औषध लिहिते. त्यासाठी तिला पदव्युत्तर शिक्षण, वेगळी परीक्षा आणि वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, मानसोपचार परिचर्येतली पदविका आणि पदव्युत्तर पदवीही आहे. उद्या मानसोपचारात असे पद आले तर आम्हा वरूडकरांना ते हवेच आहे. माझे म्हणणे इतकेच की अधिकार वाढवण्याआधी मर्यादा आणि जबाबदारी लिहून ठेवा. आज नर्स जे बिनअधिकाराचे, केवळ गरज म्हणून करतेच आहे, त्याचेही नियम आत्ताच करा.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट गोळीची नाही, घरच्यांची आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या दारात आई हळूच सिस्टरला म्हणते, ‘माय, हे गोळी त्याच्या चहातच टाकून देत जाईन मी, त्याले सांगू नोका.’ ती आई वाईट नाही. रात्ररात्र जागून ती थकलेली असते. पण 2017 च्या कायद्याने रुग्णाला उपचाराबद्दल माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे, पुढे आजार बळावला तर कसे उपचार हवेत हे आधीच लिहून ठेवण्याचाही हक्क दिला आहे. चहातल्या गोळीने हे तिन्ही हक्क एका घोटात संपतात. शिवाय ज्याला कळते की आपल्या चहात काहीतरी आहे, तो पुढे घरातले अन्नच सोडतो. संशय हाच ज्याचा आजार आहे त्याला आपण पुरावा पुरवतो. अशा वेळी सिस्टरने मान डोलवायची, आईला रागवायचे, की बाजूला बसवून दुसरा मार्ग दाखवायचा? महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगायचे? पेशंटशी स्वतः बोलायचे? प्रत्येक सिस्टर आपापल्या स्वभावाने वागते. व्यवसायाचे उत्तर मात्र एकच असायला हवे.

गुप्ततेचेही तसेच. मुंबईत पेशंट आणि नर्स पुन्हा भेटत नाहीत. वरूडमध्ये ती सिस्टर त्याच्या आत्याच्या गल्लीत राहते, तिची मुलगी त्याच्या पुतणीच्या वर्गात असते. एक वाक्य बाहेर पडले की सोयरीक मोडते, तीही त्याची नव्हे, त्याच्या बहिणीची. कायद्याचे कलम 23 गोपनीयता सांगते. संमतीशिवाय रुग्णाचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही, आणि संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवलेली माहितीही खासगीच, असे कलम 24 म्हणते. तरी शिबिर झाले की रांगेतल्या माणसांचे फोटो अहवाल म्हणून व्हॉट्सॲप गटावर जातात. सिस्टरला ते वरून मागितले जातात. तिने नाही म्हटले तर तिच्या पाठीशी कोण उभे राहील?

आता विषाबद्दल. आमच्याकडे फवारणीचे औषध घरात, खाटेखाली ठेवलेले असते आणि रुग्णालयात विष प्यालेला माणूस येणे ही दुर्मीळ घटना नाही. पोट धुतले जाते, सलाईन लागते, जीव वाचतो. अशाच एका वॉर्डात, माझ्याच नात्यातल्या एका तरुणाला, शुद्धीवर आल्या आल्या ऐकावे लागले की मरायचेच होते तर इथे कशाला आणले, आमचे काम वाढवायला. कोणत्या रुग्णालयात, हे मी लिहिणार नाही, कारण असे कुठेही होऊ शकते. 2017 च्या कायद्याचे कलम 115 असे धरून चालते की जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याची काळजी घेण्याची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेच्या 309 कलमासारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हाही उरलेला नाही. कायदा बदलला, वॉर्डातली भाषा बदलायची आहे. डिस्चार्जआधी ‘घरात औषध कुठे ठेवता, चावी कोणाकडे’ हे विचारणे, घरच्यांना ते हलवायला लावणे, 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर हातात देणे, आठ दिवसांनी आशाताईला घरी पाठवणे, ही नर्सची व्यावसायिक जबाबदारी म्हणून लिहिली गेली पाहिजे. आज ती एखाद्या सिस्टरच्या चांगुलपणावर अवलंबून आहे.

बांधून ठेवण्याबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट आहे. साखळी कोणत्याही परिस्थितीत नाही. बांधणे शिक्षा म्हणून नाही आणि माणसे कमी आहेत म्हणूनही नाही, आणि त्याची नोंद झालीच पाहिजे. रात्रपाळीला मोठ्या वॉर्डात एकटी असलेल्या नर्सला हे माहीत असते. तिला सोबत माणूस द्यायचे काम मात्र कायद्याचा कागद करत नाही. मानक नर्सकडून पाळून घ्यायचे तर तिथे किती नर्स असाव्यात याचेही मानक लावा, आणि कंत्राटी सिस्टरने नियमावर बोट ठेवले म्हणून तिची ऑर्डर थांबणार नाही, याची हमी द्या.

हे सगळे आमच्या भागात जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘संगाथ’ संस्थेने ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालवला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याबद्दल बोलणे सुरू केले. 18 महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, आणि हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आले. लोक बोलायला तयार आहेत. ज्याच्याशी बोलायचे त्याने तोंड आवरले पाहिजे, हात राखले पाहिजेत आणि आपल्याला काय येत नाही ते ओळखले पाहिजे.

म्हणून विनंती अशी. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला सोबत घेऊन, मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या नर्ससाठी आचारसंहिता मराठीत तयार करा आणि ती तालुक्यातल्या एकट्या सिस्टरला डोळ्यांसमोर ठेवून लिहा. डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत तिला कोणते औषध थांबवता येईल, कोणते कधीच नाही, हे त्यात यावे. गोळी लपवून देण्याबद्दल, फोटोबद्दल, ओळखीच्या पेशंटबद्दल त्यात उदाहरणांसह लिहिलेले असावे. रुग्णाने किंवा घरच्यांनी तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता असावा, आणि सिस्टरने वरिष्ठांविरुद्ध कुठे दाद मागायची त्याचाही. नोंदणी नूतनीकरणासाठी जे प्रशिक्षणाचे तास लागतात, त्यांतले काही या विषयाचे असावेत. मसुदा तयार झाला की तो आधी वरूड, मोर्शी, धारणी इथल्या सिस्टरांना आणि आमच्यासारख्या घरांना वाचायला द्या. आमच्या हरकती आम्ही लेखी पाठवू.

आपला,
लिथियमवरच्या रुग्णाचा मोठा भाऊ
वरूड, जि. अमरावती